पाणसळ

रबाळ्याच्या कंपनीत एकोणीस वर्षं
मी एकच पुस्तक वाचलं.
पॅकिंग मशीनचं. चारशे बारा पानं, सगळी जर्मन.
इंग्रजी प्रत येणार होती, ती अजून येतेय.
मग कंपनी गुजरातला गेली, मशीन ट्रेलरवर चढलं,
पुस्तक मी घरी आणलं.
ग्रीसचे अंगठे, पान एकशे साठ उंदरानं खाल्लेलं.

म्हणून वाशीच्या केंद्रात, तिसऱ्या मजल्यावर,
चाचणीला बसलो तेव्हा वाटलं,
आपल्याला काय अवघड आहे.
शेजारी त्या पुस्तकाच्या वयाची पोरं.

उतारा होता: माझी मुटर खेड्यात राहते.
मुटर म्हणजे नट. एम-बारा, एम-सोळा,
झोपेतून उठवून विचारा.
माझा नट खेड्यात राहतो.
माझा नट सुगरण आहे.
दोनदा वाचलं. पेन्सिल खाली ठेवली.
खाली रस्त्यावर एकजण टेम्पोतून कलिंगडं उतरवत होता,
ती मोजली. एकतीसपर्यंत.
मग कुठंतरी आटा बसला:
अरे, आई.

कारखानीस बाईंनी पेपर दोन्ही बाजूंनी पाहिला.
"मढवी, शब्दांवर तुम्ही बी-वनला बसता,
नाव-गाव सांगताना ए-वनलाही नापास.
'गळती' येते, 'झडप' येते, 'आपत्कालीन थांबा' येतो,
'नमस्कार' येत नाही. कुठं घालू तुम्हाला?"
मधे काही नाही का, मी विचारलं.
"ए-टू आहे, शनिवारी.
पण तिथं भूतकाळ झालेला असतो."
माझाही झालाय, असं म्हणालो नाही.
उद्या सांगतो म्हटलं.

मशीनचे चार पाय कधीच एका पातळीत बसत नाहीत.
पाणसळ ठेवायची, बुडबुडा बघायचा.
तो पळतो उंच बाजूला, नेहमी उंच बाजूला.
मग खालच्या पायाखाली शिम सरकवायची,
अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा,
साहेब जवळ नसतील तर सिगरेटचं पाकीट.
त्या दिवशी माझा बुडबुडा
काचेच्या टोकाला चिकटून बसलेला.

सकाळी घणसोलीला आईला गाऊन घालत होतो.
डावा हात आधी, तो तिला उचलत नाही.
एकदम पान अठ्ठ्याऐंशी आठवलं:
मुटर आन्त्सीएन. नट आवळा.
फोनात बघितलं, तर आन्त्सीएन म्हणजे
कपडे घालणंसुद्धा.
नट किती आवळायचा याचा तक्ता होता पुस्तकात,
मापांसकट, पाठ आहे मला.
याचा नव्हता.
"आता या वयान शाला र?" ती म्हणाली.
मी बटणं लावत हो म्हटलं.
वरचं एक सोडून दिलं, तिला गुदमरतं.

ए-वन घेतला. मंगळवार-गुरुवार, साडेसहा.
पावती पाकिटात, आधारकार्डाच्या मागे.
काका, तुम्हाला बोअर होईल, पोरं म्हणाली.

पहिल्या तासाला फळ्यावर एकच शब्द. मी.
"म्हणा, इश्."
मागून कोणीतरी मुरकत "इश्श" म्हटलं,
वर्ग फुटला, बाईसुद्धा हसल्या.
मीही हसलो, आणि हसता हसता
मनात पानं उलटत राहिलो, चारशे बारा.
उघडा. थांबा. सैल करा. आत हात घालू नका.
सगळं कुणीतरी कुणाला तरी सांगितलेलं.
'मी' एकाही पानावर नाही.
एकशे साठवर असलाच तर उंदराला माहीत.

माझी पाळी आली. उभा राहिलो.
बसून बोला, बाई म्हणाल्या.
बसलो. इश्, म्हणालो,
आणि पुढचा शब्द यायला वेळ लागला.
कोणी घाई केली नाही.